केप्लर नवाची सात झाली: तेव्हाच थांबायला हवं होतं का?

रातपाखरू:
हा विषय कुठेही निघाला की वाद होतोच, म्हणून इथे एकदाच सविस्तर मांडते.

केप्लर हा के-पॉपमधला (कोरियन पॉप संगीतातला) मुलींचा गट ठरावीक मुदतीचा आहे, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. एमनेट या कोरियन संगीत वाहिनीच्या 'गर्ल्स प्लॅनेट ९९९' या स्पर्धेत कोरिया, चीन आणि जपानच्या प्रत्येकी ३३ मुली उतरल्या. २२ ऑक्टोबर २०२१ च्या अंतिम भागात प्रेक्षकांच्या मतांनी नऊ जणी निवडल्या गेल्या आणि ३ जानेवारी २०२२ ला त्यांचं पहिलं गाणं 'वा दा दा' आलं. करार अडीच वर्षांचा. मग ३० मे २०२४ ला गट सांभाळणाऱ्या वेकवन कंपनीनं जाहीर केलं की सात जणींचा करार वाढतोय, आणि माशिरो व येसो आपल्या मूळ कंपनीत, म्हणजे १४३ एंटरटेनमेंटमध्ये परत जातायत. एमनेटच्या स्पर्धेतून निघालेल्या गटाला मुदतवाढ मिळण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून सगळीकडे अभिनंदनाचा पाऊस. माझ्या ते अभिनंदन तेव्हा घशाखाली उतरलं नाही आणि आजही उतरत नाही.

माशिरो युजिनबरोबरची दुसरी लीडर होती. येसो गटाचं शेंडेफळ. या दोघींना वगळून जे उरतं त्याला तेच नाव, तोच लाइटस्टिक (मैफलीत चाहते हलवतात तो दिवा), तीच जुनी गाणी? मतं मागताना आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही निवडाल त्या नऊ जणी म्हणजे हा गट. मग दोघी गेल्यावर तो तोच गट कसा राहतो? जुलैमध्ये नऊही जणींनी एकत्र निरोप घेतला असता तर रडू आलं असतं, पण ते स्वच्छ रडू असतं. इथे एका डोळ्यात आनंद आणि दुसऱ्यात पाणी ठेवायला सांगितलं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांना 'खरे फॅन नाही' म्हणून हिणवलं गेलं.

शिवाय ती वेळ बघा. घोषणा ३० मेला, पहिला पूर्ण कोरियन अल्बम ३ जूनला. त्यातल्या 'शूटिंग स्टार' गाण्याचा एकही कार्यक्रम मी सरळ बघू शकले नाही. कॅमेरा कुणावरही असो, माझी नजर कडेला उभ्या असलेल्या येसोकडेच.

इंद्रायणी_काठ:
तुझं दुःख खोटं आहे असं कुणीच म्हणू नये, आणि ज्यांनी हिणवलं त्यांचं चुकलंच. पण 'एकत्र थांबायला हवं होतं' याला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण एकच: युजिन.

युजिननं २०१५ मध्ये सीएलसी या गटातून पदार्पण केलं. वर्षानुवर्षं राबूनही त्या गटाला हवं तसं यश मिळालं नाही. पदार्पण झालेली मुलगी पुन्हा स्पर्धेत उतरते, सतरा-अठरा वर्षांच्या मुलींबरोबर परीक्षकांसमोर उभी राहते, याला किती धीर लागला असेल! तिसरी आली. आणि ती केप्लरमध्ये असतानाच, २०२२ मध्ये, सीएलसीचं काम संपल्याचं कंपनीनं सांगून टाकलं. म्हणजे जुलै २०२४ ला केप्लरही संपला असता तर तिच्या हातून दुसरा गट गेला असता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. कोरियात मुलींच्या गटात त्या वयात तिसरी संधी कोण देतं?

आपल्याला हवा तसा 'सुंदर शेवट' मिळावा म्हणून सात जणींनी हातातलं काम सोडायचं, हे मला पटत नाही. त्यांच्यासाठी ही नोकरी आहे.

सातारकर_केप्लियन:
इंद्रायणी, +१. आणि रातपाखरू, आइझवन, एमनेटच्याच स्पर्धेतून निघालेला आधीचा बारा जणींचा गट, आठवतोय ना? २९ एप्रिल २०२१ ला त्यांचा करार संपला, तेव्हा चाहत्यांनी गट परत यावा म्हणून वर्गणी काढली. तीन अब्ज वॉनच्या वर पैसे जमले! तरी कंपन्यांचं जुळलं नाही आणि सगळी रक्कम परत करावी लागली. तेव्हा सगळे म्हणत होते, 'एकदा तरी कुणीतरी मुदत वाढवून दाखवा.' केप्लरनं ते करून दाखवलं, आणि आता आपणच नाक मुरडायचं?

रातपाखरू:
सातारकर, ती वर्गणी बारा जणींसाठी होती. बारापैकी दहा आल्या तरी चालेल, असं त्यात कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

आणि नोकरीचंच बोलायचं तर आइझवन थांबल्यावर काय झालं ते पाहा. वॉनयंग आणि आन युजिन (ही वेगळी युजिन) आयव्ह या गटात, साकुरा आणि चेवॉन ल सेराफिम या गटात, उनबी, येना, युरी स्वतंत्र गायिका. गट थांबला म्हणून सगळ्यांची वाट बंद होते असं नाही.

इंद्रायणी_काठ:
ज्यांची नावं घेतलीस त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या होत्या किंवा स्पर्धेपासूनचा मोठा चाहतावर्ग होता. आइझवनमधल्या सगळ्यांना ते मिळालं नाही. केप्लर तर आइझवनइतका मोठा कधीच नव्हता. पहिल्या अल्बमनं पहिल्या आठवड्यात दोन लाखांचा टप्पा ओलांडला, ते मोठंच होतं, पण पुढे आलेख तसाच चढत राहिला नाही. गट असताना मध्यम यश मिळालेल्या मुलींना गट नसताना कोण विचारणार?

तिसरी_घंटा:
मी एमनेटच्या स्पर्धेतूनच निघालेल्या वॉना वन या मुलांच्या गटाच्या काळापासून हे बघतोय, म्हणून थोडं जुनं सांगतो.

'सगळे एकत्र थांबले की आठवण अखंड राहते' हे ऐकायला छान वाटतं. वॉना वन अकरा जणांचा. ३१ डिसेंबर २०१८ ला करार संपला, जानेवारी २०१९ मध्ये गोचॉक स्काय डोममध्ये शेवटच्या मैफली झाल्या. याहून व्यवस्थित निरोप दुसरा नसेल. पण डिसेंबर २०२१ मध्ये मामा पुरस्कार सोहळ्यात ते पुन्हा मंचावर आले तेव्हा दहाच होते, लाई क्वानलिन नव्हता. मी तो कार्यक्रम पाहिला, खूप आनंद झाला आणि अकराव्याची उणीवही भासली. आयओआय या अशाच अकरा मुलींच्या गटाचं त्याहून वाईट झालं. २०१९ मध्ये त्या परत येणार असं जाहीर झालं, तेही अकरापैकी नऊच, सोमी आणि यॉनजंग नसतानाच. मग तारीख पुढे ढकलली आणि शेवटी बेतच रद्द झाला.

तेव्हा कमी माणसांनी उभं राहणं हे या तात्पुरत्या गटांच्या नशिबी असतंच. केप्लरमध्ये ते लगेच झालं, बाकीच्यांत दोन-तीन वर्षांनी. मुळात बऱ्याच मुली दुसऱ्या कंपन्यांच्या, ठरावीक मुदतीसाठी उसन्या दिलेल्या. परत मागायचा हक्क त्या कंपन्यांचा.

नाचरी_मैना:
मी नृत्य शिकवते. करार वगैरे मला कळत नाही, मंचावरचं कळतं.

नऊ जणींची रचना म्हणजे मध्ये एक आणि दोन्ही बाजूंना चार-चार. 'वा दा दा' मध्ये धावण्याची ती हालचाल येते, तिथे नऊ जणींची लांब ओळ असल्यामुळेच वेग जाणवतो. सात जणींनी तेच गाणं करताना ओळ आखूड होते, अंतर वाढवावं लागतं, आणि ज्या जागी एक बाजूला सरकून दुसरीला वाट देते तिथे आता वाट द्यायला कुणी नसतं. माशिरोच्या आणि येसोच्या ओळी इतरांत वाटलेल्या. ज्यांनी मूळ नाच पाठ केलाय त्यांना ते लगेच खटकतं. रातपाखरूला काय होत असेल ते मी समजू शकते.

पण १ नोव्हेंबर २०२४ ला आलेलं 'टिपी टॅप' बघा. ते सातांसाठीच बसवलेलं आहे, म्हणून त्यात भोक दिसत नाही. सातांपैकी दायॉनला आणि हिकारूला मोकळं नाचायला जागा मिळाली आहे, जी नऊमध्ये क्वचितच मिळायची. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींनी केप्लर त्या गाण्यापासून ऐकायला घेतला, त्यांना काही कमी आहे असं वाटतच नाही. माझं मत: नवीन गाणी सात जणींनी बिनधास्त करावीत, जुनी जपून करावीत.

मुळशीची_वाट:
फोटोकार्डवाल्यांबद्दलही (अल्बमबरोबर मिळणारी सदस्यांची फोटो-कार्डं जमवणाऱ्यांबद्दलही) कुणीतरी बोला 🙂 माझ्या बाइंडरच्या एका पानात बरोबर नऊ कप्पे. केप्लरचा प्रत्येक अल्बम एका पानावर. आता दोन कप्प्यांत काय ठेवायचं यावर आमच्या ग्रुप ऑर्डरच्या (एकत्र अल्बम मागवणाऱ्यांच्या) गटात भांडणं झालीत. एकीनं तर नोव्हेंबरच्या अल्बमची ऑर्डरच रद्द केली, आगाऊ भरलेले पैसे सोडून दिले. पैशाचं नव्हे, पण तिला ते पानच बघवेना.

सातारकर_केप्लियन:
मुळशी, त्या दोन कप्प्यांत मी मादिनची कार्डं ठेवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये माशिरो आणि येसोनं त्या नव्या गटातून पदार्पण केलं, म्हणजे दोघीही गात्या राहिल्या. दोन्हीकडचं विकत घ्यायला पैसे जास्त लागतात एवढंच.

परदेशी_पाखरू:
एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात सुटतेय. घोषणेनंतर काही चाहत्यांनी राग थेट त्या दोघींवर काढला. 'गटापेक्षा स्वतःचं बघितलं', 'सातांना सोडून गेल्या', असलं काहीबाही लिहिलं. दोघीही एकाच कंपनीच्या होत्या, दोघीही एकाच वेळी तिकडेच परतल्या. यात दोन मुलींची लहर दिसते की कंपनीचा निर्णय? आत काय बोलणी झाली ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. येसो तेव्हा एकोणीसचीही झाली नव्हती. तिच्या माथी 'गट फोडला' हे मारणं मला अत्यंत वाईट वाटलं.

आणि उलटही तेच. राहिलेल्या सातांना 'दोघींच्या जागेवर नाचणाऱ्या' म्हणणंही तितकंच वाईट. रातपाखरू, तू तसं म्हटलेलं नाहीस, पण 'हा तोच गट कसा' या प्रश्नाच्या आडून बरेच जण तेच म्हणतात.

रातपाखरू:
परदेशी, हे मान्य. माझा राग सातांवर कधीच नव्हता. सातांपैकी चेह्यॉनला मी स्पर्धेच्या अंतिम भागापासून मानते, ती पहिली आली तेव्हा मी घरात ओरडले होते.

इंद्रायणीचा युजिनबद्दलचा मुद्दाही मला टाळता येत नाही. तिला काम मिळत राहावं असंच मलाही वाटतं. पण म्हणून कंपनीला मोकळं सोडायचं का? अडीच वर्षांची मुदत केव्हा संपते हे करार झाला त्याच दिवशी ठरलेलं होतं. मग लोकांनी अल्बमची आगाऊ नोंदणी करून झाल्यावर, प्रकाशनाला चार दिवस उरले असताना हे का सांगायचं? निदान दोन महिने आधी सांगा. नऊ जणींचा शेवटचा अल्बम म्हणून तो विका, त्या दोघींना नीट निरोप द्या. मग सात जणींनी नव्या नावानं या, मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

तिसरी_घंटा:
नवं नाव म्हणजे शून्यापासून सुरुवात, हे लक्षात घे. कोरियातल्या संगीत कार्यक्रमांत, जपानमधल्या मैफलींच्या तिकीटविक्रीत, सगळीकडे नावच चालतं. फ्रॉमिस नाइन या मुलींच्या गटाचं बघ, नावातच नऊ आहे. २०२२ मध्ये ग्यूरी गेल्यावर आठ जणींनी तेच नाव चालवलं, आणि २०२५ मध्ये पाच जणी नव्या कंपनीत गेल्या त्याही तेच नाव घेऊन. सात मुलींच्या हातून नाव काढून घेतलंस तर इंद्रायणी म्हणते ती नोकरी अर्धी तिथेच गेली.

आधी सांगायला हवं होतं, यावर मात्र मी तुझ्या बाजूनं.

इंद्रायणी_काठ:
मी नाही. बोलणी शेवटच्या आठवड्यापर्यंत चालली असतील तर दोन महिने आधी सांगणार तरी काय? 'कदाचित नऊ, कदाचित सात, कदाचित कुणीच नाही'? त्यापेक्षा जास्त त्रास झाला असता, आणि त्या मुलींना प्रत्येक कार्यक्रमात तोच प्रश्न विचारला गेला असता.

रातपाखरू:
विचारला जाऊ दे की. उत्तर कंपनीनं द्यायचं, मुलींनी नाही. आणि 'अजून ठरलेलं नाही' एवढं कळलं असतं तरी मी ते शेवटचे कार्यक्रम वेगळ्या तयारीनं बघितले असते.