‘९० टक्के स्ट्रोक आपल्याच हातात’: ही वजाबाकी चुकीची आहे

खडूफळा: “जनुकं ही पळवाट आहे, ९० टक्के स्ट्रोक जीवनशैलीमुळेच होतात,” असं कालच्या धाग्यात ठासून लिहिलंय. हा आकडा स्ट्रोकच्या धोक्याच्या कारणांवरच्या इंटरस्ट्रोक अभ्यासाचा (२०१६, ३२ देश), आणि तो असा वाचायचा नसतो. एकाच स्ट्रोकमागे बीपी, पोटाचा घेर आणि जनुक तिन्ही असू शकतात. १०० मधून ९० गेले की जनुकं उरतात, असं होत नाही. पीआयटीएक्स२ या जनुकाजवळचे बदल एट्रियल फिब्रिलेशनमार्गे (हृदयाचे अनियमित ठोके) स्ट्रोककडे नेतात, एचडीएसी९ या जनुकाजवळचे मोठ्या धमन्यांमार्गे.

बिनमिठाची: कालचा धागा माझाच. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीसाठ्यावरचा २०१८ चा अभ्यास पाहा: तीन लाखांवर माणसं, ९० जनुकीय खुणा. जनुकीय धोका जास्त असेल तर स्ट्रोक ३५ टक्क्यांनी जास्त, जीवनशैली वाईट असेल तर ६६ टक्क्यांनी. मग जीन पॅनेलवर (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) पैसे कशाला घालायचे?

खडूफळा: अहो, ३५ टक्के म्हणजे वरचा तिसरा हिस्सा विरुद्ध खालचा. ६६ टक्के म्हणजे चारपैकी जेमतेम एक चांगली सवय असलेले विरुद्ध तीन-चार असलेले. मोजपट्ट्याच वेगळ्या! शिवाय सगळे गोरे ब्रिटिश. आणि कॅडासिल या आनुवंशिक आजाराचं काय? चाळिशीतला माणूस, बीपी नाही, तंबाखू नाही, ऑरावाली मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणारी), एमआरआयवर मेंदूच्या टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाला पांढरे डाग. तिथे नॉच३ हे जनुक तपासायलाच हवं.

लॅबकोट: कॅडासिल दुर्मीळ आहे. पॅनेलमधून घाबरवलं जातं ते एमटीएचएफआर या जनुकातला बदल दाखवून (त्याने रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढू शकतं, फॉलिक अॅसिडने ते उतरतं), आणि मग फॉलिक अॅसिडच्या महागड्या गोळ्या माथी मारतात.

खडूफळा: चीनमधल्या २०१५ च्या चाचणीत २०,७०२ बीपीचे रुग्ण होते. एनालाप्रिल (बीपीचं औषध) १० मिग्रॅसोबत फॉलिक अॅसिड ०.८ मिग्रॅ दिल्यावर पहिला स्ट्रोक ३.४ वरून २.७ टक्क्यांवर आला. गोळ्यांना सरसकट फसवणूक म्हणू नका.

लॅबकोट: तो फायदा चीनमधला: तिथे पिठात फॉलिक अॅसिड मिसळत नाहीत आणि एमटीएचएफआरचा टीटी प्रकार चौथाई लोकांत सापडतो. आपल्याकडे तो कमी. आपलं होमोसिस्टीन वाढतं ते मुख्यतः बी१२ च्या कमतरतेने, शाकाहाऱ्यांत विशेष. बी१२ न तपासता नुसतं फॉलिक दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. हा धोका कुणी सांगतच नाही, याचा संताप येतो.

बिनमिठाची: होमोसिस्टीनचा रिपोर्ट तरी खरा असतो का?

लॅबकोट: नमुना बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा केला तर असतो. नळी टेबलावर राहिली की तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात, तासाला सुमारे १० टक्के वाढ. घरून रक्त नेऊन दुपारी लॅबला पोचवलं तर निरोगी माणसाचा रिपोर्टही लाल अक्षरांत येईल.

खडूफळा: बी१२ आधी, फॉलिक नंतर, एवढं मान्य. ९० टक्क्यांचं मात्र अजिबात नाही.

बिनमिठाची: नका मानू. पण त्याच इंटरस्ट्रोकमध्ये जवळपास निम्मा भार एकट्या बीपीचा आहे. पॅनेलच्या पैशात दंडावर बांधायचं बीपी मशीन येतं. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड हृदयाच्या पातळीला, मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. आठवड्याची सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर डॉक्टर गाठा.

खडूफळा: पट्टा दंडाच्या मापाचा घ्या, हेही लिहा. जाड दंडावर लहान पट्टा बीपी खोटं वाढवून दाखवतो.