पुण्यात न विचारणारे संकेतस्थळ जर्मनीत कुकीजची परवानगी का मागते?

सदाशिवपेठकर (प्रश्न)

सध्या मी मुलीकडे श्टुटगार्टला आलो आहे. रोज सकाळी ज्या संकेतस्थळावर मी मराठी बातम्या वाचतो, ते येथे उघडले की अर्धा पडदा व्यापणारी एक चौकट येते आणि 'आम्ही व आमचे भागीदार' कुकीज ठेवणार आहोत, मान्य आहे का, असे विचारते. लॅपटॉप तोच, ब्राउझर तोच, संकेतस्थळही तेच; परंतु पुण्यात ही चौकट मी कधीच पाहिलेली नाही. दुसरे असे की, निघण्यापूर्वी एका खरेदीच्या संकेतस्थळावर मी मिक्सरच्या किमती पाहिल्या होत्या, आणि पुढचे दोन आठवडे मंत्रिमंडळाच्या बातमीशेजारीही मिक्सरच दिसत राहिले. जावई म्हणतात, येईल ती चौकट नाकारा; मुलगी म्हणते, त्याने काही फरक पडत नाही. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे, आणि कुकी म्हणजे नेमके काय, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

गावठाण

कुकी म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला, असे समजा. बिल्ल्यावर फक्त क्रमांक असतो. तो कोणाचा, हे स्टँडवाल्याच्या वहीत असते. वेबची मूळ रचना अशी आहे की सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळाची पाने पाठवणाऱ्या संगणकाला, स्वतःची स्मरणशक्ती नसते, म्हणजे आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की त्याच्या दृष्टीने आपण नवीनच पाहुणे असता. म्हणून तो पहिल्या भेटीत ब्राउझरकडे एक छोटा मजकूर देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक मागणीसोबत तो जसाच्या तसा परत पाठवतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही युक्ती काढली. खरेदीची टोपली सर्व्हरवर न ठेवता ग्राहकाच्याच संगणकावर कशी ठेवता येईल, हा त्यामागचा प्रश्न होता. बिस्किटाशी तिचा संबंध नाही. दोन प्रोग्राममध्ये न उघडता फिरणाऱ्या खुणेच्या तुकड्याला प्रोग्रामर आधीपासूनच 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून हे नाव आले.

इथपर्यंत सारे निरुपद्रवी आहे, किंबहुना आवश्यक आहे, कारण कुकीशिवाय आपण बँकेच्या संकेतस्थळावर दोन पानेसुद्धा लॉग-इन राहू शकणार नाही. खरा घोटाळा पुढे आहे. गावातल्या सगळ्या देवळांबाहेरचे स्टँड एकाच ठेकेदाराने घेतले आणि सगळीकडे तोच बिल्ला चालू लागला, तर आपण सोमवारी कोठे गेलात आणि गुरुवारी कोठे, हे पुजाऱ्यांना कळणार नाही, पण ठेकेदाराला नक्की कळेल. बातम्यांच्या पानावरील जाहिरात बातमीदाराच्या सर्व्हरवरून येत नाही. ती जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते. मिक्सरच्या पानावरही त्याच कंपनीचा एक अदृश्य तुकडा होता. दोन्ही ठिकाणी आपल्या ब्राउझरने तिला तिचाच बिल्ला दाखवला. यालाच तृतीय पक्ष कुकी म्हणतात, आणि आपला मिक्सर आपल्या मागोमाग फिरला तो तिच्या आधारे.

तळटीप

चौकटीमागचे कारण कायद्यात आहे. आपण कोणत्या देशातून आला आहात, याचा अंदाज संकेतस्थळाला आयपी पत्त्यावरून, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, येतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक नसलेली कोणतीही माहिती वापरकर्त्याच्या यंत्रावर ठेवण्यापूर्वी त्याची संमती बंधनकारक झाली. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण नियमावलीने ती संमती कशी असावी याचे निकष कडक केले. आपण ज्या देशात बसला आहात, तेथूनच एक महत्त्वाचा खटला उभा राहिला. प्लॅनेट-४९ या कंपनीने ऑनलाइन सोडतीच्या अर्जात कुकीजच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी सांगितले की वाचकाने खूण पुसली नाही, याचा अर्थ त्याने होकार दिला असा होत नाही.

'मान्य' एका टिचकीवर आणि 'नामंजूर' तीन पडद्यांआड, ही चलाखीही तेथे महागात पडते. त्याच कारणासाठी फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. चौकट दिसली की 'सेटिंग्ज' उघडण्यापूर्वी नकाराचे बटण शोधावे. बहुधा ते फिकट अक्षरांत असते.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात कुकी हा शब्दही नाही, पण कुकीतून ओळखता येणाऱ्या व्यक्तीची माहिती गोळा होत असेल, तर ती त्याच्या कक्षेत येऊ शकते. त्यातील मला विशेष आवडलेली तरतूद अशी की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. ती मराठी कायद्याच्या तर्जुम्यासारखी नसावी, एवढीच प्रार्थना.

जुनाट संगणक

जावयांचे अर्धे खरे आणि मुलीचेही अर्धे खरे. चौकटीतला नकार हा संकेतस्थळाला दिलेला निरोप आहे. तो पाळायचा की नाही, हे त्याच्या हातात राहते. ब्राउझरमध्ये केलेली बंदी मात्र आपल्या हातात असते. ॲपलचा सफारी मार्च २०२० पासून तृतीय पक्ष कुकीज मुळातच अडवतो. फायरफॉक्स जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या बरणीत ठेवतो, म्हणजे वरच्या ठेकेदाराला प्रत्येक देवळात निराळा बिल्ला मिळतो. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये या कुकीज दोन वर्षांत बंद करण्याचे जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि अखेर तो बेत सोडला. त्यामुळे क्रोम वापरत असाल, तर सेटिंग्जमधील 'गोपनीयता आणि सुरक्षा' या विभागात जाऊन तृतीय पक्ष कुकीज आपणच बंद करा.

सगळ्याच कुकीज रोज पुसण्याचा सल्ला अनेकजण देतात. मी देणार नाही. तसे केल्यास आपला नकारसुद्धा पुसला जातो, कारण तोही बहुतेक वेळा एका कुकीतच नोंदलेला असतो, आणि चौकट दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहते. ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीचेही तसेच: ती बंद केल्यावर तिच्यातील कुकीज जातात, पण ती उघडी असताना आपण लॉग-इन केलेत, तर ओळख पटतेच.

सदाशिवपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. क्रोममध्ये सांगितल्याप्रमाणे बदल केला. बातम्या व्यवस्थित दिसतात. फक्त एका संकेतस्थळावर पैसे भरण्याची चौकट मधल्या मधे कोरी राहते. शिवाय मोबाइलवरील ॲपमध्ये मिक्सर अजून आहेच!

जुनाट संगणक

पैसे भरण्याची चौकट बहुधा दुसऱ्या कंपनीची असून त्या पानात बसवलेली असावी, आणि तिलाही तिची कुकी लागत असावी. त्याच पानावर असताना पत्त्याच्या पट्टीतील डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून त्या एका संकेतस्थळापुरती सूट द्या. बाकीची बंदी तशीच राहील.

मोबाइल ॲपचा मामला वेगळा आहे. तेथे कुकीऐवजी यंत्राचा जाहिरात-क्रमांक वापरतात, आणि तो अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगलच्या जाहिरात विभागातून काढून टाकता येतो. खरेदीच्या आणि बातम्यांच्या दोन्ही ॲपमध्ये आपण एकाच ई-मेलने लॉग-इन केले असेल, तर मात्र क्रमांक काढूनही जुळवणी होऊ शकते. बातम्या वाचायला लॉग-इनची गरज नसेल, तर तेथून लॉग-आउट करून पाहा आणि मिक्सर गेला का, ते कळवा.