बूटलोडरमधून टाकलेला प्रोग्राम पहिल्याच पिकला अडकतो

धोटा_१२ :
नमस्कार मंडळी. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या मागांवर पिक (बाण्याचा एकेक आडवा धागा) मोजायचे बोर्ड मी बनवतो. चिप एसटीएम३२एफ१०३, ६४ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी). बारा मागांवर बसवलेत. प्रोग्राममध्ये काही बदललं की माग थांबवा, डबा उघडा, प्रोग्रामर लावा. माग थांबला की विणकराची मजुरी थांबते, ते मला बघवत नाही. म्हणून बूटलोडर लिहिला, म्हणजे आरएस-४८५ च्या तारेवरून फाइल घेऊन फ्लॅशमध्ये लिहिणारा छोटा प्रोग्राम. तो पहिल्या ८ केबीत, मुख्य प्रोग्राम ०८००२००० (हेक्स आकड्यातला पत्ता) पासून. लिंकर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर बांधायचा ते सांगणारी फाइल) पत्ता बदलला, ऑब्जकॉपीने बिन (नुसत्या बाइटांची फाइल) काढली, पाठवली. एलईडी लागतो. पण बाण्याचा पहिला धागा पडून सेन्सरचा इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लगेच बघायचा इशारा) आला की सगळं ठप्प! तोच प्रोग्राम ०८०००००० साठी बांधून प्रोग्रामरने टाकला तर दिवसभर चालतो. तीन रात्री गेल्या, कळंना. चूक फाइलीत की बूटलोडरमध्ये?

जुळे_सोलापूर :
बिन हेक्स एडिटरमध्ये उघडा, पहिले आठ बाइट इथं टाका.

धोटा_१२ :
०० ५० ०० २० ४५ २१ ०० ०८

जुळे_सोलापूर :
फाइल चोख आहे. चार-चार बाइट उलटे वाचा. २०००५००० म्हणजे २० केबी रॅमचं टोक, स्टॅक तिथून. ०८००२१४५ हा रिसेट हँडलर, प्रोग्राम सुरू होतो ती जागा. २००० च्या पुढं आलाय, म्हणजे लिंकरने ऐकलं. तो विषम असायलाच हवा, ती थम्बची (या प्रोसेसरच्या सूचनांच्या प्रकाराची) खूण. तिथं ०८०००१४५ दिसलं असतं तर मात्र फाइल जुन्याच पत्त्यावर बांधलेली. बिनला स्वतःचा पत्ता नसतो हो, बूटलोडर ठेवेल तिथं बसते. हेक्स प्रकारच्या फाइलीत निदान ओळीओळीला पत्ता आणि चेकसम असतो.
तुमचा घोळ व्हीटॉरचा दिसतो, म्हणजे व्हेक्टर टेबल (कुठल्या इंटरप्टला कुठं जायचं ती यादी) कुठं आहे ते सांगणाऱ्या रजिस्टरचा. इंटरप्ट येताच प्रोसेसर बूटलोडरच्या व्हेक्टर टेबलात जातोय.

धोटा_१२ :
दादा, व्हीटॉर उडी मारायच्या आधीच ०८००२००० केलंय.

जुळे_सोलापूर :
मग प्रोग्राममधलं सिस्टिमइनिट (सुरुवातीलाच चालणारं फंक्शन) उघडा. जुन्या लायब्ररीत ते व्हीटॉर परत ०८०००००० वर नेतं. तिथल्या ऑफसेटला हेक्स २००० द्या.

विजापूर_रोड :
अजून एक. एफ१०३ चं हे फ्लॅश १ केबीच्या पानांनी पुसतं. बिनचं शेवटचं पान एफएफने भरून पुरं करा आणि सगळ्या फाइलीचा सीआरसी (फाइल बिघडली का ते तपासायचा आकडा) सोबत पाठवा. लिहिताना पहिलं पान सर्वात शेवटी लिहा. मध्येच लाइट गेली तर तिथं कोरे एफएफ दिसतील, बूटलोडर उडी न मारता नव्या फाइलीची वाट बघत बसेल. बारा डबे परत उघडायला नकोत.

धोटा_१२ :
सिस्टिमइनिटच होतं! ऑफसेट ० होता. आता एका मागावर पाठवलं, पिक मोजतंय. पहिलं पान शेवटी लिहायचं आज रात्री करतो, मग बाकीचे अकरा. मनापासून आभार दोघांचे.