रोज वापरायला भारी लेडीज घड्याळ, गोव्याच्या हवेत कुठलं टिकेल?

मांडवीकाठची: नमस्कार मंडळी. यंदा बढती झाली, म्हटलं आता स्वतःसाठी एक चांगलं घड्याळ घ्यायचंच. पण कपाटात ठेवून फक्त लग्नाकार्याला काढायचं नाहीये, रोज हातात हवं. कार्टिएचं टँक मनात भरलंय. प्रॉब्लेम असा की मी रोज स्कूटरने पणजी ते पर्वरी करते, घाम आहे, खारी हवा आहे, पावसात रेनकोट असला तरी मनगट भिजतंच. चामड्याचा पट्टा टिकेल का? मनगट बारीक आहे, मोठी डायल शोभत नाही.

घड्याळवेडा: टँक सुंदरच आहे, 1917 चं डिझाइन आणि आजही जुनाट वाटत नाही. पण ताई, त्यावर पाणी सहन करण्याचं 30 मीटर लिहिलेलं असतं म्हणजे 30 मीटर पाण्यात न्यायचं असं नव्हे, हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, एवढंच. तुमच्यासारख्या वापराला 100 मीटरवालं, स्टीलचा पट्टा आणि चावी (वेळ लावायची बाजूची खुंटी) स्क्रूने घट्ट बसणारी असं बघा. रोलेक्सचं लेडी-डेटजस्ट 28 मिमीचं आहे, बारीक हाताला मस्त बसतं, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर चालणारं) असून काढून ठेवल्यावरही साधारण 55 तास चालतं, म्हणजे शनिवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच. आतले रबरी सील मात्र कालांतराने कडक होतात, सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याची टेस्ट करून घ्याच, ते टाळलं तर 100 मीटरला काही अर्थ उरत नाही.

फोंड्याची सून: चामडं नकोच गो बाय! जून-जुलैत पर्स आणि चपलांवर पांढरी बुरशी धरते ना, पट्ट्याचंही तेच होतं, वर घामाचा वास जात नाही तो वेगळा. पण म्हणून मनातलं घड्याळ सोडून देऊ नकोस, टँक फ्रान्सेज बघ, ते स्टीलच्या पट्ट्यात मिळतं आणि हातात बांगडीसारखं बसतं. धो धो पाऊस असला की काढून पर्समध्ये झिपच्या पाऊचमध्ये टाकायचं. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं, घेतलंस तर चावी द्यायची, रोज घालायची कटकट नाही, फक्त सेल संपला की लगेच बदल, आत तसाच पडून राहिला तर गळतो आणि मशीन खराब करतो.

घड्याळवेडा: रोज काढ-घाल करायची असेल तर ते रोजचं घड्याळ कसलं? माझं मत बदलणार नाही. बाकी कुठलंही घ्या, कड्यांच्या फटीत घाम आणि मीठ साचून काळी रेघ दिसायला लागते. 100 मीटरवालं असेल तर चावी घट्ट आहे ना बघून नळाच्या साध्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा, 30 वाल्याला नुसतं ओलं फडकं.

मांडवीकाठची: पट्ट्याचं पटलं, स्टीलच. दोन्ही हातात घालून बघते मग ठरवते. पावसात काढून ठेवायचं मला जमणार नाही असं वाटतंय, त्यामुळे मन 28 मिमीकडे झुकलंय. सेकंडहँड घेतलं तर पाण्याची टेस्ट आधी करून मागता येते का?

घड्याळवेडा: मागाच, आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.