बाळ हेराक्लीस आणि दोन साप: ताकद दाखवायची कुठं?

चारकोलवाली (विश्रामबाग, सांगली):
नमस्कार मंडळी. अर्ध्या इम्पिरियल शीटवर चारकोलमध्ये ग्रीक पुराणातला प्रसंग घेतलाय. देवांचा राजा झ्यूस, त्याला अल्कमीनी या मानवी स्त्रीपासून झालेलं पोर मारायला त्याची बायको हेरा रात्री दोन साप सोडते आणि तान्हा हेराक्लीस दोन्ही मुठींत एकेक धरून त्यांचा गळा आवळतो, तो क्षण. शेजारी जुळा भाऊ इफिक्लीस आहे. कम्पोझिशन बसलंय. पण दंड-छाती पिळदार केली की बाळ पैलवान दिसतंय, मऊ ठेवलं की साप खेळण्यातले वाटतायत. आणि सापांना फणा काढू का?

शिराळकर:
ताई, फणा अजिबात नको. ग्रीसमध्ये नाग नाहीत. माझं बालपण बत्तीस शिराळ्यात गेलं, कोर्टाची बंदी येण्याआधी नागपंचमीला जिवंत नाग हातभरावरून बघितलेत. जाणता माणूस डोक्याच्या लगेच मागं धरतो, बोटभरसुद्धा खाली नाही. खाली धरलं तर साप वळून चावणारच. तुमच्या बाळाची मूठ तिथंच पाहिजे. धरल्यावर साप लोंबत नाही, जबडा उघडतो, उरलेलं अंग हाताला विळखे घालतं. ताकद त्या विळख्यांत दाखवा, बाळाच्या दंडात नको.

निवृत्त कलाशिक्षक, सातारा:
शिराळकर बरोबर सांगतायत, आणि गंमत म्हणजे थिओक्रिटस या ग्रीक कवीनंही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तेच लिहिलंय: पकड गळ्यावर, जिथं विष असतं तिथं. त्याच्याकडे बाळ दहा महिन्यांचं आहे. म्हणजे उंची साधारण चार डोकी धरा, मान जवळजवळ दिसूच नये, मनगटावर दोरा बांधल्यासारखी वळी काढा. पैलवानपण आपोआप जाईल. चेहऱ्यावर राग नको. त्या काव्यात बाळ आनंदानं उड्या मारत साप बापाला (म्हणजे आईच्या नवऱ्याला, अँफिट्रायनला) दाखवतं, हसतं.
इफिक्लीसला मात्र किंचाळू द्या, तो पांघरूण लाथाडून पळायला बघतो. दोघं शेजारी ठेवलेत की हेराक्लीसचं धाडस वेगळं सांगावं लागत नाही. पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या वेट्टींच्या घरातलं भित्तिचित्रही बघा, तिथं आई घाबरून मागे सरतेय. इंग्लिश चित्रकार रेनॉल्ड्सनंही हाच विषय रशियाच्या राणी कॅथरीनसाठी रंगवला, पण त्यात माणसांची गर्दी फार. तुम्ही गर्दी टाळा.

चारकोलवाली:
सर, दादा, खूप आभार. रात्र आहे, मग उजेड कुठून घेऊ? दिवा ठेवू का?

निवृत्त कलाशिक्षक, सातारा:
दिवा नको. थिओक्रिटसच्या गोष्टीत झ्यूस स्वतःच घर उजळवतो, नंतर पुन्हा अंधार होतो. आणि पाळणा म्हणजे अँफिट्रायननं लढाईत मिळवलेली काशाची ढाल आहे. ढालीच्या आतल्या बाजूला कागद कोराच सोडा, उजेड खालून बाळाच्या हनुवटीवर येऊ द्या. सापांची पाठ काळी, पोटाकडे फक्त रबरानं पुसून एक उजळ रेघ उचला.

शिराळकर:
आणि ताई, अंगठा विसरू नका. तान्ह्याचा अंगठा आखूड असतो, सापाच्या मानेभोवती पुरा वळणार नाही. तिथं खवले थोडे दबलेले काढा.