वीव्ह पोलमधून कुत्री मधेच बाहेर पडते, काय करू?

चिंगीची_माय (नाशिक):
नमस्कार मंडळी. आमची चिंगी देशी आहे, दोनेक वर्षांची, १६ किलो, अंगात इतकी रग की सकाळ-संध्याकाळ फिरवूनही तिचं भागत नाही, म्हणून अ‍ॅजिलिटीचे (कुत्र्याला अडथळ्यांच्या मार्गावरून पळवायच्या खेळाचे) व्हिडिओ बघून मागच्या मोकळ्या प्लॉटवर घरच्या घरी सेटअप केलाय. डिस्टेंपरच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या, त्यात वाळू आणि वाळूत पीव्हीसी पाइप, असे सहा वीव्ह पोल (ज्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जायचं), मधे दीड-दीड फूट अंतर. हातात उकडलेलं चिकन धरून पुढे चाललं की मस्त नागमोडी जाते, पण हात मागे घेतला की तिसऱ्या-चौथ्या पोलपाशी सरळ बाहेर येते आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. अजून एक, बागेतल्या मुलांच्या सी-सॉवर चढवली होती, फळी धप्पकन खाली आली तेव्हापासून ती साध्या बाकावरपण पाय ठेवत नाही. इथे जवळपास अ‍ॅजिलिटी शिकवणारं कोणी नाहीये, जे काही करायचं ते मलाच करायचंय, तर नीट पहिल्यापासून कसं शिकवू ते सांगा प्लीज.

कॉलीवाला_कोथरूड:
ताई, चिंगीला अजून पोल कळलेच नाहीयेत, तिला तुमचा हात कळलाय. चिकनच्या मागे नाक लावून ती जातेय, त्यात पोल आडवे येतात म्हणून वळतेय एवढंच. हात गेला की तिच्यासाठी कामच संपतं आणि मग ती पुढची सूचना मिळेल म्हणून तुमच्याकडे बघते, ते तिच्या बाजूने अगदी बरोबर आहे. खाऊ हातातून द्यायचा पूर्ण बंद करा.

मी माझ्या बॉर्डर कॉलीला टू बाय टू पद्धतीने शिकवलं, कॅनडाची श्वान-प्रशिक्षक सुझन गॅरेट हिच्यामुळे ही पद्धत जगभर गेली. फक्त दोन पोल लावायचे. तुम्ही गप्प उभं राहायचं, हात नाही दाखवायचा, बोलायचं नाही, ती इकडेतिकडे करेल, हुंगेल, कधीतरी त्या दोघांच्या मधून जाईल, गेली की त्याच क्षणी "येस" आणि खेळणं किंवा खाऊ पुढे सरळ रेषेत फेकायचा. पुढेच फेकायचा, तुमच्याकडे परत बोलवून द्यायचा नाही, कारण बक्षीस जिथे पडतं तिकडे कुत्र्याची नजर लागते आणि पोलमध्ये मान खाली आणि नजर पुढे हवी. ती आपणहून दोनमधून पळायला लागली की तुम्ही उभं राहायची जागा बदलत जा, समोरून, तिरकं, अगदी बाजूने, सगळ्या कोनांतून तिने तीच फट शोधली पाहिजे. मग पुढे दुसरी जोडी लावायची, सुरुवातीला दोन्ही जोड्या तिरप्या, म्हणजे तिला मधून जवळपास सरळ जाता येतं, आणि रोज थोडं थोडं फिरवत एका ओळीत आणायच्या. घाई केली की पोल सोडायला लागते, तसं झालं तर एक पायरी मागे या. आणि एका वेळी पाच मिनिटांच्या वर नको, तिला अजून हवंय असं वाटतंय तेव्हाच थांबा.

राईनकाठचा_मराठी (जर्मनी):
वरचं सगळं पटलं, पण त्याआधी त्या बादल्या काढा! २० लिटरची बादली फूटभर रुंद असते, दीड फुटावर ठेवल्यात म्हणजे जमिनीपाशी मधे जेमतेम अर्धा फूट जागा उरते, त्यात १६ किलोच्या कुत्र्याने चार पाय टाकायचे कुठे? हात नसताना ती बाहेर पडते त्यात अर्धा दोष त्या बादल्यांचाच असणार. एफसीआयच्या (आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या) नियमात पोलमधलं अंतर ६० सेमी आहे, म्हणजे धरून चाला दोन फूट, पोलची जाडी ३ ते ५ सेमी, उंची १ ते १.२ मीटर, आणि स्पर्धेत १२ पोल. एक इंची पाण्याचा पाइप जाडीला बरोबर बसतो. लोखंडी सळईचे तुकडे जमिनीत ठोका, वर वीतभर ठेवा आणि त्यावर पाइप घाला, थोडा हलला तर उलट चांगलं, धक्का लागला तरी खांद्याला इजा होत नाही. फक्त पाइप काढलात की सळया पण उपटून घरी न्या, उघडी सळई पोटात घुसू शकते आणि त्या प्लॉटवर मुलंही खेळत असतील.

मी इथल्या क्लबमध्ये चॅनलने शिकवलं. पोलच्या दोन समोरासमोर ओळी, मधून गल्ली, कुत्रा गल्लीतून सरळ सुसाट पळतो आणि गल्ली हळूहळू अरुंद करत शेवटी एकच ओळ होते. वेग पहिल्या दिवसापासून मिळतो हा फायदा, पण एन्ट्री (पहिल्या पोलपाशी बरोबर बाजूने आत शिरणं) कच्ची राहते, ती वेगळी शिकवावी लागते. चिंगी स्वतः विचार करणारी वाटतेय, तिच्यासाठी टू बाय टूच बरं.

एन्ट्रीचा नियम आत्ताच अंगवळणी पाडा, पहिला पोल कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याला आला पाहिजे, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधून ती उजवीकडून डावीकडे घुसणार. तुम्ही मात्र कधी तिच्या डावीकडून पळा, कधी उजवीकडून, नाहीतर एकाच बाजूची सवय लागते. इथे स्पर्धेला उतरायच्या आधी आज्ञापालनाची बेगलाइटहुंड परीक्षा पास व्हावी लागते, आणि मिक्स ब्रीडही खेळतात, त्यामुळे देशी म्हणून मनात काही आणू नका. हलकी, लवचिक, पायांवर पक्की, या खेळाला यापेक्षा काय लागतं?

सी-सॉसाठी: मुलांचा सी-सॉ कायमचा विसरा, तो झटक्यात आपटतो. घरात एक लाकडी फळी घ्या, खाली दुमडलेली चादर ठेवा, फळी जेमतेम बोटभर हलेल इतकीच. चिंगीने पाय ठेवला, फळी हलली, लगेच खाऊ. हळूहळू चादर पातळ करा म्हणजे आवाज वाढेल, मग विटेवर फळी. आवाज झाला की खाऊ मिळतो हे तिला पटलं की ती स्वतःच फळी आपटायला येईल. तोपर्यंत तिला उचलून किंवा पट्ट्याने ओढून चढवायचं नाही म्हणजे नाही.

लॅबप्रेमी_सांगली:
मधेच विचारतो, माझा लॅब (लॅब्राडोर) पाच महिन्यांचा आहे, त्यालापण आत्तापासून उड्या आणि वीव्ह चालू करू का? लहानपणी लवकर शिकतात ना.

पशुवैद्य_कोल्हापूर:
दादा, आत्ता नको. हाडांच्या टोकांना जिथून वाढ होते तो भाग अजून कोवळा असतो, लॅबसारख्या मोठ्या जातीत सव्वा-दीड वर्षापर्यंत तरी धरून चला. उंच उड्या, एकामागोमाग वीव्हचे पीळ, ए-फ्रेमवरून (दोन तिरप्या फळ्यांच्या उंच उतारावरून) धाडकन उतरणं या सगळ्याचा भार तिथे जातो, आणि लॅबमध्ये हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) आधीच जास्त दिसतो. एफसीआयच्या स्पर्धेतही १८ महिन्यांच्या आत उतरवत नाहीत ते उगाच नाही. तोवर जमिनीवर ठेवलेल्या काठ्या ओलांडणं, जमिनीवरच्या फळीवरून चालणं, लहान मुलांच्या कापडी बोगद्यातून सरळ जाणं (बोगदा सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या), तुम्ही पळाल तिकडे त्याने पळणं, हे भरपूर करा, पुढे तेच उपयोगी पडतं. आणि वजन ताब्यात ठेवा, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

चिंगीच्या ताईंना: नखं कापलेली ठेवा, लांब नख वळताना अडकून तुटतं. मुरूम असेल तर तळवे रोज बघा. उन्हाळ्यात सकाळी लवकरच, आधी हाताची उलटी बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवा, तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही नाही. थेट सुरुवात करू नका, पाच-दहा मिनिटं चालवून अंग गरम झालं की मगच. लंगडली किंवा नेहमीची उडी टाळायला लागली तर हट्ट समजू नका, तपासून घ्या.

चिंगीची_माय:
सगळ्यांचे खूप खूप आभार! बादल्यांचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आज हार्डवेअरवाल्याकडून सळईचे तुकडे कापून आणते. एकच शंका, चिंगीला खेळण्याचं फारसं नाही, खाण्याचंच वेड आहे, चिकनचा तुकडा फेकला तर तो गवतात हरवतो आणि ती हुंगतच बसते.

कॉलीवाला_कोथरूड:
मग तुकडा सुटा फेकू नका. जुन्या मोज्यात किंवा चेनच्या छोट्या पाऊचमध्ये चिकन भरा आणि ते फेका, ती धावून जाऊन पकडेल, तुम्ही जाऊन उघडून तिथेच द्या. पळवून न्यायला लागली तर पाऊचला लांब दोरी बांधा. नाहीतर पुढे सरळ रेषेत रिकामी वाटी ठेवा आणि ती दोन पोलमधून गेली की वाटीत टाका, ती पोचायच्या आत तुमचा हात तिथून निघालेला हवा. दोन पोल जमले की व्हिडिओ टाका, एन्ट्री बघून पुढचं सांगतो.