रचलेल्या राज्यातली सरदारकी: शिडी हवी की गुंता?

लश्करी_बखरकार (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्या ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या घरी चहा तीनदा गरम करावा लागला. भांडण कशावरून, तर घाटराखा पंगतीत कुठे बसणार यावरून.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही पाच जण मिळून 'धुकाळ' नावाचं राज्य रचतोय. रविवारी त्यातल्या भूमिका घेऊन खेळतो, आठवडाभरात मी त्याची बखर लिहितो. नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आहे, त्यावर आमटीचे दोन डाग पडले, त्यांची आम्ही तळी करून टाकली. राज्यात वर्षाचे आठ महिने धुकं, त्यामुळे मोठ्या माणसापुढे मशाली चालतात आणि जितक्या मशाली तितका मान. सम्राटाला २१, महामंडलिकाला १५, मंडलिकाला ११, सामंताला ७, ठाणेदाराला ३, घाटराख्याला १. वहीत झकास दिसतं.

गोची अशी की राज्यातलं सगळं मीठ एकाच घाटातून येतं, आणि तो घाट या एका मशालीच्या माणसाकडे. ती भूमिका करणाऱ्या मित्राने दरबारी पंगतीत सरळ सम्राटाशेजारच्या पाटावर बूड टेकलं. मंडलिक भडकले. मी नियमांची वही उघडली. तो म्हणाला, "वही मिट. उद्यापासून अळणी जेवा."

माझं मत आता असं झालंय की तो बरोबर आणि माझी शिडी चूक. हुद्दे एकाखाली एक इतके सुबक लागले की ते पगारपत्रक होतं. खरा हुद्दा कामातून निघतो. काम संपतं, नाव उरतं. दुसरीकडे ज्याच्या हातात ताकद येते त्याला नाव उशिरा मिळतं, नाहीतर तो मुद्दाम मोठं नाव घेतच नाही.

आपल्या ग्वाल्हेरचंच घ्या. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवलं आणि स्वतः त्यांचे नायब झाले. म्हणजे दिल्लीचा कारभार यांच्या मुठीत. तरी म्हणवून घ्यायचे पाटील. १७९२ मध्ये पुण्यात पेशव्यांना भेटायला गेले तेव्हा पिढीजात मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले, बासनातून नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले, आणि हेच आपल्या वडिलांचं काम म्हणून आपलंही, असं म्हणाले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हे लिहून ठेवलंय. सांगा, हा माणूस माझ्या वहीत किती मशालींचा?

शिडी फाडावी का? मतं द्या, मोकळेपणी द्या.

नियमावली_नाना

फाडू नका. तुम्ही दिलेला दाखला तुमच्याच अंगावर येतोय.

महादजी खाली बसले याला अर्थ कधी आला? त्या दरबारातल्या शेवटच्या हुजऱ्यालाही कोण कुठे बसतो हे पाठ होतं तेव्हा. ज्या दरबारात जागा ठरलेल्या नाहीत तिथे खाली बसणारा माणूस म्हणजे नुसता दाराजवळ बसलेला माणूस. शिडी होती म्हणून ते उतरले ते दिसलं. तुमच्या घाटराख्याचंही तेच. त्याने पाट बळकावला यात मजा आली कारण वहीत त्याला एकच मशाल आहे. वही फाडली तर पुढच्या रविवारी तो कुठेही बसो, कुणाला फरक पडणार?

आणि वाचकाचा विचार करा हो. तुमच्या बखरीच्या तिसऱ्या भागात मी १७ पदव्या मोजल्या. 'गढीपाल' आणि 'गडधर' यांत फरक काय हे शोधायला दोनदा मागे गेलो, तिसऱ्यांदा जेवायला गेलो. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ही इंग्रज सरदारांची पाच नावं शाळकरी पोरांनाही येतात. का? शिडी सरळ आहे म्हणून.

कंपूवाली

नाना, ती शिडी आज सरळ दिसते. मध्ययुगाच्या नावाखाली जो तो पाच पायऱ्या उभ्या करतो, पण इंग्लंडमध्ये त्या एकदम आल्याच नाहीत. अर्ल सगळ्यात जुने, नॉर्मन येण्याच्या आधीपासूनचे. पहिला ड्यूक १३३७ मध्ये, तोही राजाचाच मुलगा. पहिला मार्क्विस १३८५ मध्ये, पहिला व्हायकाउंट १४४० मध्ये. म्हणजे पायऱ्या भरायलाच १०० वर्षं लागली, आणि त्याही मधूनमधून घुसवलेल्या. जुन्या अर्लच्या डोक्यावर एक दिवस नवाकोरा मार्क्विस आणून बसवला तर घरात काय वातावरण असेल? तो प्रसंग लिहा ना कुणीतरी!

मुळात ही सगळी कामांचीच नावं. ड्यूक म्हणजे फौजेचा पुढारी, मार्क्विस सरहद्दीवरचा, व्हायकाउंट म्हणजे काउंटचा नायब. अर्लच्या बायकोला तर इंग्रजीत स्वतःचं नावच नाही, ती काउंटेस. उसनं. इतकी ठिगळं असलेल्या वस्त्राला सरळ शिडी म्हणवत नाही मला.

आणि बखरकार, ग्वाल्हेरच्या ज्या भागात आपण राहतो त्याचं नाव लश्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास फौजेची छावणी टाकली, तंबू गेले, घरं आली, नाव तेच राहिलं. आमच्या कंपू मोहल्ल्याचं नावसुद्धा कॅम्पाचाच अपभ्रंश. तिथे आज फौज शोधायला जा, पार्किंग मिळालं तरी नशीब. तुमच्या 'काम संपतं, नाव उरतं' याला याहून जवळचा पुरावा काय देऊ?

नियमावली_नाना

१५३९ विसरलात. आठव्या हेन्रीच्या काळात संसदेत कोणी कोणाच्या वर बसायचं याचा कायदाच करावा लागला. गुंता कुणालाच सोसत नाही, सरदारांना तर मुळीच नाही. दाखला माझ्या खात्यात जमा करतो.

कंपूवाली

म्हणजे दोनशे वर्षं सोसला की! :)

दांडियाबाजार_बडोदे

दोघंही नकाशा बघताय, पंचांग कुणीच बघत नाही. माझ्या मते शिडी का गुंता हा प्रश्नच अर्धवट, कारण प्रत्येक हुद्द्याला साल लागतं.

आमच्या बडोद्यापासून जवळच डभई. १ एप्रिल १७३१ ला तिथे बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली, सेनापती पडले. त्या दिवशीच्या शिडीत बघा: दाभाडे छत्रपतींचे सेनापती, आणि पिलाजी गायकवाड त्यांच्या हाताखालचे, त्यांच्याच बाजूने लढलेले. लढाईनंतर सेनापतिपद कुणाला? त्र्यंबकरावांच्याच भावाला, यशवंतराव दाभाड्यांना. नाव घरात राहिलं. गुजरातचा मोठा भाग मात्र हळूहळू गायकवाडांचा झाला, आणि 'सेना खासखेल समशेर बहादूर' ही त्यांची बिरुदावली बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत चालली. शब्द नीट वाचा, त्यात राजा कुठेच नाही. फौजेतला हुद्दा आहे.

म्हणून धुकाळात मशालींचा आकडा बदलू नका. घाटराख्याला एकच मशाल ठेवा. फक्त त्याच्या नातवाच्या काळात त्या एका मशालीला बघून मंडलिक वाटेतून बाजूला होतो, एवढं दाखवा.

मोरारची_मावशी

सगळे पुरुष पंगतीत बसलेत आणि वाद घालताहेत, वाढतंय कोण ते दिसत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. सामंत निपुत्रिक मेला तर ७ मशाली कुणाच्या? तुमच्या वहीत वारसाचं पानच नाही. ग्वाल्हेरच्या गादीची कथा दत्तकाशिवाय सांगून दाखवा. दौलतराव गेल्यावर १८२७ मध्ये बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेतलं आणि कारभार स्वतः पाहिला. जनकोजी १८४३ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या विधवा ताराबाई स्वतःच लहान, त्यांनी जयाजीरावांना मांडीवर घेतलं. म्हणजे सगळ्यात मोठा हुद्दा कुणाकडे जाणार हे दोनदा अशा बाईने ठरवलं जिला तुमच्या वहीत अर्धी मशालही नाही.

हळदीकुंकवाला या कधी. कुणाला चौरंग, कुणाला पाट, कुणाला नुसती सतरंजी, अत्तर आधी कुणाच्या हाताला. तोंडाने कुणी काही बोलत नाही. चुकलं तर तीन वर्षं बोलतात.

लश्करी_बखरकार

मावशी, वारसाचं पान आजच उघडतो. बडोदेकर, नातवाची कल्पना उचलली, हरकत नसावी.

नाना, खाली बसण्याचा मुद्दा मान्य. शिडी माहीत असल्याशिवाय ती मोडलेली कळत नाही. पण मग वाचकाला ती पाठ करायला लावायची की पंगतीतून दाखवायची? मी पहिल्या भागात तक्ता दिला ती चूक, एवढं तरी माना.

नियमावली_नाना

तक्ता शेवटी द्या. फाडू मात्र नका.

बिनघोड्याचा_बारगीर

धागा वाचतोय तेव्हापासून एक गोष्ट टोचतेय. २१ मशाली म्हणजे २१ माणसं. सम्राट, महामंडलिक, मंडलिक सगळ्यांची नावं, कुळं, ब्रीदं बखरीत आहेत. मशाल धरणाऱ्यांपैकी एकाचंही नाव चार भागांत मला सापडलं नाही. तुम्ही ज्याला मानाची शिडी म्हणताय ती माणसांच्या खांद्यावर उभी आहे. तो खांदा कुणाचा?

शिडी आणि गुंता दोन्ही वरच्या मजल्यावरचे. खालून बघितलं तर भेद एकच, घोडा कुणाचा. स्वतःचा घोडा आणि हत्यारं आणली तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसला तो बारगीर. लढाई तीच, भाला तोच. शिवकालीन घोडदळात २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांचा जुमला, १० जुमल्यांवर हजारी. गुणाकार करा, १,२५० होतात. नाव हजारी. बारगिराच्या वर सगळ्यांना नावं, बारगिराला आकडा.

आमचे पणजोबा इथल्याच एका सरदाराच्या पागेत होते. घोडे चोळायचे. घरात त्यांची एकच वस्तू उरलीय, खरारा, त्याचे अर्धे दात गेलेत. मागच्या थंडीत एका लग्नाला गेलो. पत्रिकेवर मुलाच्या आजोबांच्या नावाआधी 'सरदार' छापलेलं. पदव्या देणं घटनेच्या अठराव्या कलमाने बंद, राजेरजवाड्यांची मान्यता १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेली, पण छापखानेवाल्याला कोण अडवतो. जेवताना त्या आजोबांनीच मला विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?" मी पणजोबांचं नाव सांगितलं. ते खूश झाले. "अरे, म्हणजे आमच्याकडचेच!" मी मुलीकडून गेलो होतो.

राग नाही आला. पुरणपोळी छान होती. पण घरी आल्यावर तुमची बखर उघडली आणि वाचवेना.

नियमावली_नाना

बारगीरसाहेब, प्रसंग बोचला. तरी विचारतो, ही कथा आहे, जनगणना नाही. प्रत्येक मशालजीला कूळ दिलं तर तिसऱ्या भागात १७ ऐवजी ७० नावं होतील. मग मी जेवायला गेलो की परत येणार नाही.

बिनघोड्याचा_बारगीर

सत्तर नकोत. एक द्या. पण नीट द्या. बखरकारांना मशाल कशी धरतात हेही ठाऊक नसावं. दुसऱ्या भागात तुमचा मशालजी एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात निशाण घेऊन घाट चढतो. दुसऱ्या हातात तेलाची बुधली असते हो! चिंध्या कोरड्या पडल्या की चालता चालता ओतायचं. निशाण धरलं तर अर्ध्या घाटात अंधार.

कंपूवाली

+१. आणि तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं ते वेगळंच.

लश्करी_बखरकार

बुधली खरंच सुचली नव्हती. निशाण काढलं.

मघापासून वही घेऊन बसलोय. २१ मशाली म्हणजे २१ बुधल्या, आणि धुकं आठ महिने. इतकं तेल राज्यात आहे का हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. केला तर सम्राटालाच २१ परवडत नाहीत. मंडलिकाला तर ११ म्हणजे कर्जच. मान राखायचा तर तेल उसनं घ्यायचं, आणि उसनं कुणाकडून? मिठाबरोबर तेलही येतं ते त्याच घाटातून. म्हणजे एका मशालीचा माणूस सगळ्यांच्या मशाली पेटत्या ठेवतोय, आणि स्वतःची एकच का, तर त्याला तेलाचा भाव माहीत आहे.

शिडी ठेवतो, नाना. तक्ता शेवटी. पुढचा भाग मशालजीच्या तोंडून लिहून बघतो. राज्यात तेलाचा हिशेब ठेवणारा एक माणूस लागेल, त्याला 'तेलनवीस' म्हणावं म्हणतोय. कसं वाटतंय?

मोरारची_मावशी

नाव बरं आहे. पण तो बसतो कुठे?

नियमावली_नाना

झालं. ठेवा परत चहा.